पाठमोऱ्या बडोद्याचं शेवटचं दार

"तुमच्या खोलीतल्या कोनाड्यामागे काळोखाच्या दुनियेचं एक दार ठेवलं तर तुमची हरकत नाही ना?" असं मला आयुष्यात एकाच माणसाने विचारलं आहे, आणि त्या वेळी तो माणूस माझा घरमालक होऊन जेमतेम अर्धा तास झाला होता.

मी साताऱ्याहून बडोद्याला बँकेतल्या नोकरीसाठी आले होते. बँक अलकापुरीत, आणि जागा मिळाली ती नागरवाड्यातल्या एका अरुंद गल्लीत, दुमजली घराच्या वरच्या खोलीत. ट्रंक अजून उघडलीही नव्हती. दारात साठीचे एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, खाकी पँट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी मोजायची टेप. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या आणि 'झालं यांचं सुरू' हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

मी घाबरले नाही. आमच्याकडच्या माणसाला घाबरायला जरा वेळच लागतो. मी विचारलं, "त्या दारातून कोणी येणार आहे का?"

"छे छे. येणार कोणी नाही. फक्त पलीकडून कण्हल्याचा आवाज येईल."

"रात्रीचा?"

त्यांनी थोडा विचार केला. "तुमची बँक किती ते किती?"

मी वेळ सांगितली.

"मग कण्हणं त्या वेळेत ठेवू," असं म्हणून ते टेप काढून कोनाडा मोजायला लागले.

बाईंनी तांब्या माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "कादंबरी लिहितात. बाकी काही त्रास नाही."

बाकी खरंच काही त्रास नव्हता. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची. मराठीतही काका आणि गुजरातीतही काकाच, त्यामुळे कोणाची पंचाईत व्हायची नाही. मीही पहिल्याच आठवड्यात काका-काकू म्हणू लागले आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला 'अहो जाहो' करणं सोडलं. घराण्यात दोन-तीन पिढ्या संस्थानच्या नोकरीत गेलेल्या. काका स्वतः सिटी सर्व्हेच्या कचेरीत होते. उभी हयात त्यांनी लोकांच्या घरांच्या हद्दी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर, आता मोजायला इकडे काही उरलं नाही म्हणून, पलीकडची दुनिया मोजायला घेतली.

कादंबरीचं नाव होतं 'पाठमोरे बडोदे'. आपल्या बडोद्याच्या पाठीला पाठ लावून दुसरं एक बडोदे आहे. तिथे सगळी घरं रस्त्याकडे पाठ करून उभी असतात, माणसं एकमेकांचे चेहरे पाहत नाहीत, आणि दिवेलागणीनंतरची वेळ कधी संपत नाही. कारण काजळबाई नावाच्या चेटकिणीने त्या शहराच्या सगळ्या सकाळी चोरून बरण्यांत भरून ठेवल्या आहेत. तिकडच्या सुरसागर तलावात पाणी नाही, साठलेली संध्याकाळ आहे, आणि तिच्यात पाय घातला की माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही. हे वाचताना काकांचा आवाज असा काही खाली जायचा की भर दुपारी माझ्या अंगावर काटा यायचा. कादंबरीचा नायक मात्र सर्व्हे कचेरीतला एक कारकून होता. तो या चोरलेल्या सकाळी परत आणायला पलीकडे गेला होता आणि जाताना टेप घेऊन गेला होता.

"काळोख असला म्हणून बेशिस्त चालत नाही," हे काकांचं आवडतं वाक्य. पाठमोऱ्या बडोद्यात गटारं कुठून वाहतात, चेटकिणीच्या किल्ल्याला पाणी कुठून येतं, भुतांची वर्दळ कोणत्या रस्त्याने होते, हे सगळं त्यांनी ठरवलेलं होतं. राक्षसाच्या उंचीवरून तर ते महिनाभर अडले होते. राक्षस मोठा हवा हे त्यांना कळत होतं, पण नागरवाड्यातली दारं बुटकी. मोठा राक्षस आत येणार कसा? शेवटी त्यांनी राक्षसाला वाकून यायला लावलं. पाचव्या प्रकरणात तो महाभयंकर राक्षस घरात शिरताना चौकटीवर कपाळ आपटून घेतो आणि कपाळ चोळत चोळत लोकांना धमक्या देतो. मी हसले तर काका गंभीरपणे म्हणाले, "हसू नकोस. त्याला लागलंय."

पण त्यांची खरी तऱ्हा होती ती परवानगीची.

मोजणीच्या कामात एक रीत असते. ज्याच्या घराची मोजणी त्याला आधी कळवायचं, लगतच्या घरवाल्यांना बोलवायचं आणि सगळ्यांसमोर टेप धरायची. कोणाच्या पाठीमागे रेघ ओढायची नाही. काकांनी ही रीत कादंबरीलाही लावली. त्यांच्या गोष्टीत पलीकडे जायची दारं खऱ्या बडोद्यातल्या खऱ्या घरांत होती, आणि एखाद्या घरात दार ठेवायचं तर ते आधी तिथे जायचे, चहा घ्यायचे, सगळं समजावून सांगायचे आणि घरमालकाने हो म्हटल्यावरच दाराची जागा मोजून यायचे. कोणी नाही म्हटलं तर त्या घरात दार नाही. मग भले त्यासाठी प्रकरणच्या प्रकरण फाडावं लागो.

"अहो, पण हे सगळं खोटंच आहे ना?" मी एकदा म्हटलं.

"घर खरं आहे ना? ज्याच्या घरात भूत घालायचं त्याला विचारायला नको?"



सुट्टीच्या दिवशी ते मलाही बरोबर न्यायचे. मोजणीला पंच लागतो, म्हणून. गल्लीच्या तोंडाशी एका शेठचं फरसाणचं दुकान होतं. त्यांच्या तळघरात काकांना एक दार हवं होतं.

"आवो काका, बेसो," शेठ म्हणाले. "आजे शुं मापवानुं छे?"

काकांनी मराठी-गुजरातीची खिचडी करून सगळी गोष्ट सांगितली. शेठ एका हाताने गिऱ्हाइकांना पुड्या देत दुसऱ्या कानाने ऐकत होते. तळघरात दार ठेवायला त्यांची काही हरकत नव्हती. त्यांची शंका वेगळीच होती.

"पेली बाजू पण मारी दुकान छे?"

"छे," काका म्हणाले. "पण बंद छे. तिकडे फरसाण खाणारं कोणी उरलं नाही."

शेठच्या हातातली पुडी तशीच राहिली. "ए ना चाले, काका. राक्षस लोक शुं खाय?"

"माणसं."

"रोज रोज माणसं खाऊन कंटाळो ना येणार?"

काका घरी आले ते विचारात पडूनच. त्यांनी लिहून झालेलं एक प्रकरण बदललं आणि त्यात काजळबाईचे पहारेकरी संध्याकाळी पहारा बदलताना शेठच्या दुकानावर थांबू लागले आणि लीलो चिवडो खाऊ लागले. लीलो चिवडो म्हणजे तो बडोद्याचा हिरवट, ओलसर, आंबटगोड चिवडा. तो भाग शेठना वाचून दाखवला तेव्हा ते इतके खूश झाले की दोन दिवस गिऱ्हाइकांना सांगत होते, आमची पलीकडे शाखा आहे म्हणून.

अलकापुरीतला अनुभव उलटा. काकूंचे एक मावसभाऊ तिथे बंगल्यात राहायचे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेले आणि भुताखेतांच्या विरुद्ध व्याख्यानं देणारे. काकांनी त्यांच्या बागेतल्या हौदात दार मागितलं.

"असल्या गोष्टींना मी थारा देत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे तुमचा यावर विश्वास नाही."

"मुळीच नाही."

"मग काहीच अडचण नाही. उलट तुमच्याकडे ठेवणं सगळ्यांत सोयीचं."

मावसभाऊंनी हौदाकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "तसं नाही हो. सून बाळंतपणाला आली आहे. तेवढं होऊ दे, मग बघू."

काकांनी मान डोलावली आणि टेप पिशवीत ठेवली. बाहेर पडल्यावर मी हसून हसून बेजार झाले होते, तर म्हणतात कसे, "बरोबर आहे त्यांचं. घरात बाळंतीण असताना आपणच विचारायला नको होतं."

रविवारी दुपारच्या चहानंतर खाली बैठकीत वाचन व्हायचं. श्रोते दोन, मी आणि काकू. काकूंचं लक्ष हातातल्या निवडण्या-सोलण्यात आहे असं वाटायचं, पण त्या बरोबर नको तिथे तोंड उघडायच्या. एकदा काजळबाई काळ्या पर्वताच्या पोटातल्या खोलीत बरण्यांच्या रांगांमधून फिरते आहे, प्रत्येक बरणीत एक चोरलेली सकाळ मंदपणे उजळते आहे, काकांचा आवाज अगदी खोल गेलेला, आणि काकू म्हणाल्या, "बरण्यांना फडकी बांधलीत ने?"

"काय?"

"नुसतं झाकण ठेवून चालायचं नाही. सकाळ उडून जाईल. वरून फडकं बांधून दोरी गुंडाळायला हवी. लोणच्याला करतो तशी."

काकांनी पेन काढलं आणि तिथल्या तिथे फडकी बांधली. पुढे कथेत तीच दोरी फार कामाला आली, कारण कारकून ती कुरतडतो त्या आवाजाने काजळबाई जागी होते. काकूंनी त्याचं श्रेय कधी घेतलं नाही, पण ते प्रकरण वाचताना त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं होतं हे मी पाहिलं.

आता या कादंबरीचं घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगते. सगळं लिहून झालं होतं. कारकुनाने काळ्या पर्वतातून बरण्या सोडवल्या होत्या, राक्षसाला चुकवलं होतं, मागे काजळबाई लागली होती. फक्त शेवटचं प्रकरण नव्हतं. बरण्या घेऊन कारकून एका दाराशी येतो, तिथे वहीतलं पान संपायचं आणि काका चष्मा काढून ठेवायचे. मी आले तेव्हाही ते तिथेच अडले होते आणि पुढची दोन-तीन वर्षं, मागच्या प्रकरणांत नवी दारं घालत, तिथेच अडून होते.

"दुसऱ्या एखाद्या दारातून काढा की त्याला बाहेर," मी म्हटलं. "आपल्याच गच्चीवरून सोडा त्या बरण्यांतल्या सकाळी."

"तसं करता येत नाही. मोजणी जिथून सुरू केली तिथेच परत येऊन मिटली पाहिजे. नाही मिटली तर कुठेतरी चूक आहे असं समजायचं. तो ज्या दारातून आत गेला त्याच दारातून बाहेर यायला हवा."

"मग ते दार कुठलं?"

काका उठले आणि झाडांना पाणी घालायला गेले. सकाळीच पाणी घालून झालं होतं.

ते मला काकूंनी सांगितलं. स्वयंपाकघरात त्या खाखरे भाजत होत्या. हातातल्या फडक्याने खाखरा तव्यावर दाबत दाबतच त्या बोलल्या.

"ते दार बडोद्यात नाहीच, डभोईचं आहे. तिथे यांच्या वडिलांचं घर आहे, मोठे दीर राहतात. साधंच घर, पण पुढे काय सुंदर ओटा होता. पूर्वेला तोंड. हे आणि दादा लहानपणी त्यावरच झोपायचे आणि ऊन तोंडावर आलं की उठायचे. पुढे दादांची रोजची बैठक तिथेच. संध्याकाळी अर्धी गल्ली त्या ओट्यावर. दादांना बाकी काही नको, तो ओटा हवा."

"मग?"

"मग डभोईची मोजणी निघाली ने. साहेब यांना म्हणाले, तुमचं घर आहे, तिथे दुसरा माणूस पाठवतो. हे ऐकतील तर ना. म्हणे, दुसऱ्याने कमी मोजलं तर लोक म्हणतील भावाने सांगितलं, आणि जास्त मोजलं तर दादाचं नुकसान. मीच जातो. गेले आणि मोजलं. ओटा दोन फूट रस्त्यात. दादा तिथेच उभे होते. म्हणाले, परत मोज. यांनी परत मोजलं. तेवढंच निघालं."

काकूंनी खाखरा उलटला.

"पछी काय. ओटा कापला. बैठक समोरच्यांच्या ओट्यावर गेली. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. लग्नाकार्यात पंक्तीला समोरासमोर बसतात आणि दोघेही मलाच विचारतात, याला वाढलं का. इतकी काळजी आहे, पण बोलणार नाहीत. आणि आता परवानगी मागायला कोणत्या तोंडाने जाणार? जो ओटा यांनी कापायला लावला त्याच्यावरच गोष्ट बांधून बसलेत. डभोई बसने तासाभराच्या वाटेवर, आणि हे काळ्या पर्वतापर्यंत जाऊन आले."

मला त्या क्षणी काकांचा राग आला आणि लगेच त्यांची दयाही आली. आपल्याच परवानगीच्या नियमात माणूस असा अडकून पडलेला मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढे एकदा शेठनीच बातमी आणली. त्यांचे व्याही डभोईचे. त्यांच्याकडून कळलं की काकांच्या दादांचा मुलगा पुण्याहून आला होता, आईवडिलांना तो पुण्याला घेऊन जाणार आहे, आणि घर विकायला काढलं आहे. काका ऐकून घेऊन घरी आले आणि टेप उघडून पुन्हा गुंडाळत बसले.

"नव्या मालकाची परवानगी घेता येईल," मी उगाच म्हटलं.

"ती माझ्या काय उपयोगाची?" काका म्हणाले.

काकूंनी डबा आणून त्यांच्यासमोर आदळला. "दादांसाठी खाखरे भरलेत. उद्या रविवार आहे. घेऊन जा."

"तू चल ना बरोबर."

"मी आले की तुम्ही दोघे माझ्यामार्फत बोलणार. मी येत नाही. हिला न्या, पंच म्हणून."

बसमध्ये काका माझ्या शेजारी डबा मांडीवर घेऊन ताठ बसले होते. अर्ध्या वाटेवर त्यांनी मला विचारलं, "सुरुवात कशी करावी?"

"दादा, कसे आहात, अशी."

"ते फार घाईचं होईल," ते म्हणाले.

डभोईला ती गल्ली शोधावी लागली नाही, काकांचे पायच आम्हाला घेऊन गेले. घर कौलारू, नीटनेटकं. ओट्याच्या जागी भिंतीला लागून एक अरुंद पट्टी उरली होती आणि तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली होती. समोरच्या घराच्या ऐसपैस ओट्यावर मात्र चार-पाच म्हातारे बसले होते. आम्हाला पाहून त्यांच्या गप्पा थांबल्या. दादा स्वतःच्या दाराच्या आत खुर्ची टाकून बसले होते. काकांचंच नाक, काकांचाच चष्मा, फक्त केस जास्त पांढरे.

"या भाऊजी," वहिनी पुढे आल्या. त्यांनी काकांच्या हातातला डबा घेतला, आणि डबा ओळखून डोळ्याला पदर लावला.

दादांनी काकांकडे पाहिलं नाही. खांद्याच्या पिशवीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "यांना विचारा, मोजायला आलेत का?"

काकूंनी टाळलेली जागा आता मला मिळाली होती.

"दादाला सांग, हो," काका म्हणाले.

"आता काय उरलंय मोजायला?"

काकांनी घसा साफ केला, आणि कचेरीत सांगावं तसं, हात मागे बांधून, सगळी कादंबरी सांगितली. पाठमोरे बडोदे सांगितलं, काजळबाई सांगितली, बरण्या, राक्षस, सगळं. दादा भिंतीकडे पाहत ऐकत होते. पण त्यांना राहवेना. मधूनच म्हणाले, "विचारा यांना, राक्षस मागच्या परसातून का येत नाही, तिकडे चौकट उंच असते." काका म्हणाले, "सांग, मागे विहीर आहे." थोड्या वेळाने दादा म्हणाले, "आणि इतक्या बरण्या तो एकटा उचलतो कसा?" काका म्हणाले, "हातगाडी आहे." मला हसू आवरेना. दोघे एकाच मातीचे होते आणि मधे मी बसले होते.

शेवटी काका दाराशी आले. "कारकून इथूनच आत गेला होता. आपल्या ओट्यावरून. लिहिलं तेव्हा मी विचारलं नव्हतं. इथेच त्याला परत यायचंय. ओट्यावर बसून तो बरण्यांची फडकी सोडेल. ओटा पूर्वेला आहे म्हणून. तिकडे ओटा अजून आहे. दादाला विचार, चालेल का?"

 वहिनी डबा पोटाशी धरून उभ्या होत्या.

"यांना विचारा," दादा सावकाश म्हणाले, "तिकडे ओटा केवढा आहे. अख्खा, की दोन फूट कमी?"

मी काकांकडे पाहिलं. एवढा एकच प्रश्न होता आणि त्याचं कोणतंही उत्तर त्यांना महाग पडणार होतं. कमी म्हटलं तर आलेच कशाला. अख्खा म्हटलं तर जन्मात न ओढलेली खोटी रेघ आज ओढावी लागणार, आणि मग खरी ओढून भाऊ तोडला तो कशासाठी?  काका दारातून बाहेर गेले, त्या पट्टीवर उभे राहिले, रस्त्याकडे पाहिलं, समोरच्या घराकडे पाहिलं. मग आत आले.

"अख्खा आहे," ते म्हणाले. "तिकडे रस्ता दोन फूट पलीकडे आहे."

दादांनी पहिल्यांदा मान वळवली. "कोणी सरकवला?" हे ते मला म्हणाले, पण पाहत होते काकांकडे.

"मी."

"समोरच्यांना विचारलं?"

"आता विचारतो," असं म्हणून काका तसेच रस्ता ओलांडून गेले.

समोरच्या ओट्यावर घरमालक आजोबा पाय मुडपून बसले होते. काकांनी हात जोडून त्यांना सगळं सांगितलं. पलीकडची दुनिया आहे, तिकडे तुमच्या ओट्यातून दोन फूट लागतील, रस्ता सरकवायचा आहे. आजोबांना त्यातलं किती कळलं देव जाणे. त्यांनी एकदा समोर दाराच्या आत बसलेल्या दादांकडे पाहिलं.

"आ बाजू तो नथी लेवाना ने?"

"ना, ना. फक्त तिकडे."

"तो लई लो ने, भाई," आजोबा म्हणाले. "बे फूट शुं, चार लई लो."

"दोन पुरेत," काका म्हणाले, आणि परत आले.

ते उंबऱ्याशी पोचले तेव्हा दादा खुर्चीतून उठून दारात आले होते. आता दोघांच्या मधे मी नव्हते.

"इतकी वर्षं लागली तुला रस्ता सरकवायला?"

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, "इकडे सरकवता येत नव्हता, दादा."

"ते मला तेव्हाही माहीत होतं," दादा म्हणाले. "आण ते टोक इकडे."

काकांनी टेप काढली. दादा उंबऱ्यावर खाली बसले, टेपचं टोक भिंतीच्या कडेला लावलं आणि अंगठ्याने घट्ट दाबून धरलं. वहिनी चहा टाकायला आत गेल्या ते नाक ओढत. मला रडूही येत होतं आणि हसूही. काका टेप सोडत सोडत मागे मागे गेले, उरलेली पट्टी संपली, तरी गेले, रस्त्यात आले आणि जुन्या ओट्याची कड जिथे असायची तिथे बरोबर थांबले. समोरचे म्हातारे माना लांब करून पाहत होते.

तेवढ्यात गल्लीतून एक सायकलवाला घंटी वाजवत आला. काकांनी एक हात वर केला.

"जरा साइड पर, भाई. अहीं ओटलो छे."

सायकलवाल्याने मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं. उंबऱ्यावर टेपचं टोक धरून बसलेल्या दादांकडे पाहिलं. मग काही न बोलता त्याने हँडल वळवलं आणि तो ओट्याला वळसा घालून निघून गेला.